विषय: पुतण्याचे यूएसडीटी माझ्या वॉलेटवर घेऊ का? (रविवारच्या आत सांगा)

लातूरकर:
मंडळी, आपण इकडं अमेरिकेत, अन् धाकट्या भावाचा पोरगा तिकडं लातुरात असतो, नीटचं दुसरं वर्ष. परदेशी साइटवर क्रिप्टो लावून जुगार खेळतो, हे आम्हाला आत्ता कळलं. 4,000 यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेली क्रिप्टो नाणी) साचलेत म्हणे. मागच्या महिन्यात त्यातले 200 पी-टू-पीवर (थेट दुसऱ्या अनोळखी माणसाला) विकले, रुपये आले आणि तिसऱ्या दिवशी बँकेनं खातंच होल्ड केलं. ज्यानं पैसे पाठवले त्यानं ते कुणाला तरी फसवून आणले होते. खातं बाप-लेकाचं जॉइंट, सोयाबीनचे पैसे त्यातच. आता पोरगा म्हणायलाय, "काका, उरलेले तुमच्या वॉलेटवर टाकतो, तुम्ही पप्पांना रुपये पाठवा." भावाला दिलेल्या गिफ्टवर टॅक्स नाही, एवढं ठाऊक आहे. घेऊ का?

परभणीकर:
गिफ्टची माफी खरी, पण ते पैसे तुमचे असतील तर. इथं तुम्ही पोराचा माल विकून तिकडं रुपये पोचवणार. याला आपल्याकडं हवाला म्हणतात, तुम्हाला माहीत आहे. शिवाय विक्रीचा 1099-डीए (क्रिप्टो विक्री टॅक्स खात्याला कळवणारा इथला फॉर्म) तुमच्या नावानं येऊ शकतो, 1040 वर (इथल्या टॅक्स रिटर्नवर) डिजिटल अॅसेटच्या प्रश्नाला 'हो' लिहावं लागणार, आणि मग आले कुठून ते सांगत बसा. गणपतीच्या वर्गणीचे 40 डॉलर एकाच्या वैयक्तिक व्हेन्मोवर (पैसे पाठवायच्या अॅपवर) आले होते, तेव्हा किती मीटिंगा झाल्या ते आठवा.

नांदेडकर वहिनी:
व्हेन्मोचा विषय मिटलाय. पावती मी सगळ्यांसमोर दाखवली होती. दरवेळी उकरून काढायची गरज नाही.

बाकी, पोरगं नीटला बसलंय अन् तुम्ही वॉलेटचं काय धरून बसलात? आमचे मामा मटका लावायचे. सदरा धुताना खिशातल्या आकड्यांच्या चिठ्ठीचा लगदा झाला, तर आजी तो लगदा चुलीपाशी पसरून वाळवायची, कारण मामा आल्या आल्या चिठ्ठीच मागायचे. आकडा लागला की पेढे, नाही लागला की आजीच्या पाटल्या सराफाकडं.

धाराशिवकर:
वहिनी, मग आपल्या दिवाळीतल्या तीन पत्तीचं काय? मागच्या खेपेला 25 सेंटच्या डावात सगळ्यात जास्त कोण जिंकलं, ते मी लिहीत नाही.

जालनेकर:
मेव्हणा सीए आहे, त्याला विचारून लिहितोय. ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली. पैशाचा खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाखांपर्यंत. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. क्रिप्टो म्हणजे पैसा नव्हे, ही पळवाटही नाही. व्याख्येत नाणी, टोकन, खरं असो की आभासी, सगळं घेतलंय.

टॅक्स वेगळा, तो द्यावाच लागतो. वर्षभरातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के, वर 4 टक्के सेस (1961 च्या कायद्यातलं 115बीबीजे). पोराचं दुसरं उत्पन्न शून्य असलं तरी सूट नाही. असल्या साइटी टीडीएस कापत बसत नाहीत, म्हणजे स्वतःच भरायचा. पुढं यूएसडीटी विकले की नफ्यावर परत 30 टक्के, हे 115बीबीएच. यूएसडीटी डॉलरला चिकटलेलं, त्यामुळं तो नफा किरकोळ. पण दुसऱ्या एखाद्या कॉइनमध्ये बुडाले असतील तर तो तोटा इथं वजा होत नाही.

खात्याचं आधी बघा. कुठल्या तक्रारीवरून होल्ड आहे, कुठलं पोलीस ठाणं, हे बँकेकडून लेखी घ्या. मग पी-टू-पीची ऑर्डर, चॅट, यूटीआर नंबर (बँकेच्या व्यवहाराचा नंबर) जोडून अर्ज द्या की वादातली रक्कम अडकवा, बाकी मोकळी करा.

आणि एक. ते 4,000 त्याच्या वॉलेटमध्ये आहेत का साइटवर?

कार्यकारिणी:
कृपया विषय बदलून लिहा. ही ईमेल यादी मंडळाच्या कार्यक्रमांच्या सूचनांसाठी आहे. कोजागरीच्या दुधाला अजून दोनच नावं आलीत.

परभणीकर:
कोजागरीचं दूध मागच्या वर्षीही मीच आटवलं. नाव वेगळं कशाला लिहू?

लातूरकर:
जालनेकर, तुमचा मेल वाचून पोराला फोन लावला. वॉलेटमध्ये काही नाही, साइटवर नुसता आकडा दिसतोय. पहिले 200 लगेच निघाले म्हणून भरवसा बसला. आता काढायला गेलं की आधी 400 यूएसडीटी "टॅक्स" भरा म्हणतायत. मग मला काय पाठवणार होतास म्हटलं, तर गप्प बसला. ते 400 माझ्याकडूनच मागायचे होते त्याला.

जालनेकर:
टॅक्स सरकारला भरतात, साइटला नाही. एक पैसा पाठवू नका. 1930 वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) आजच तक्रार करायला सांगा. अर्जाबरोबर त्या तक्रारीचा नंबर लागेल.

लातूरकर:
भाऊ सोमवारी बँकेत जायलाय. अर्जाचा नमुना कुणाकडं असला तर मराठीतच पाठवा, त्याला इंग्रजी वाचायचा कंटाळा येतो. अन् दुधाला माझं नाव लिहा.