मदत हवी आहे: पाय काढलेलं कुत्रं एका जागी थांबत नाही

कोरडवाहू | रविवार, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी. थोडक्यात लिहितो, डोकं ठिकाणावर नाही. आमच्या हरण्याचा पाय काढावा लागला. डॉक्टर म्हणले फिरू देऊ नका. पण ऐकतंय कोण? सोडलं की पळायला बघतो आणि तोंडावर आपटतो. बांधलं की रात्रभर रडायलाय, अख्खी गल्ली जागी. तीन दिवस झाले, घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. ज्यांच्याकडे तीन पायांचं कुत्रं आहे त्यांनीच सांगा, काय केलं म्हणजे एका जागी बसेल? झोपेची गोळी चालते का? लवकर सांगा, उद्या परत शेतात जायचंय.

पिठलंभाकर | ९:५२
कोणता पाय?

कोरडवाहू | ९:५३
उजवा.

पिठलंभाकर | ९:५५
अहो दादा, उजवा पुढचा का उजवा मागचा? किती दिवस झाले? वय किती? टाके आहेत का निघाले? काहीतरी सांगाल का नाही?

फुकटसल्ला | १०:०१
हरण्या म्हणल्यावर मला वाटलं बैल आहे. बैलाचा पाय काढून काय करणार म्हणून घाबरतच धागा उघडला.

गोदाकाठ | १०:१०
भाऊ, उगीच काळजी करताय. आमच्या चिंगीचा पाय गेला त्याला चार वर्षं झाली. लॅब्रॅडोर आहे. तिसऱ्या दिवशी जिना चढून गच्चीवर गेली होती! कुत्र्याला आपल्यासारखं दुःख नसतं, 'माझा पाय गेला' म्हणून ते बसत नाही. मोकळं सोडा. पडेल, उठेल, शिकेल. बांधलंत तर मनानं खचेल. नांदेडला कधी आलात तर येऊन बघा, दारात मांजराच्या मागं पळत असते.

सेवानिवृत्त५८ | १०:२४
गोदाकाठताई, तुमच्या चिंगीचा मागचा गेला होता ना? मग तुमचा अनुभव इथं चालेलच असं नाही. कुत्रं उभं असताना अंगाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि ४० टक्के मागच्या. मागचा एक गेला तर पुढचे दोन गाडी ओढतात. पुढचा गेला तर जो एक उरतो त्याच्यावर सगळं डोक्याचं आणि छातीचं ओझं. थांबताना आणि उतरताना ते तोंडावरच येतं. धागाकर्त्यानं 'तोंडावर आपटतो' लिहिलंय, म्हणजे पुढचाच असणार. मी ३१ वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो, अंदाज चुकत नाही.

कोरडवाहू | १०:३१
हो काका, पुढचाच. खांद्यापासून पूर्ण काढलाय. तीन वर्षांचा आहे, कारवानी जातीचा, शिकारी. उसाच्या ट्रॅक्टरच्या बाजूनं पळायची खोड, ट्रॉलीचं चाक गेलं. कोपराचा चुरा झाला होता, नस पण गेली म्हणले. टाके आहेत अजून. आज आठवा दिवस.

मेकॅनिक_मामा | १०:३८
गाडी करा गाडी! अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप, चार एल्बो, लहान पोराच्या सायकलीची दोन चाकं, छातीखाली ट्यूबचा पट्टा. खर्च हजाराच्या आत. मी शेजाऱ्याच्या कुत्र्याला केली होती, कंबर गेलेली त्याची. मस्त फिरायचं. माप पाठवा, मी चित्र काढून टाकतो. नाहीतर सरळ जयपूर फूट बसवा.

सेवानिवृत्त५८ | १०:४५
मामा, जरा दमानं. कंबर गेलेल्या कुत्र्याला गाडी लागते, कारण त्याचे दोन पाय निकामी असतात. याला तीन धड आहेत. आणि जयपूर फूट बसवायला खाली खुंट उरावा लागतो. खांद्यासकट काढल्यावर बसवणार कशाला, हवेला?

मेकॅनिक_मामा | १०:४९
तुम्ही सरकारी माणसं सगळ्याला नाहीच म्हणता.

पुणेरी_पंजा | १०:५५
आमच्याकडे ऑपरेशननंतर हायड्रोथेरपी करतात. पाण्यात वजन हलकं होतं, स्नायू बळकट होतात. टाके निघून जखम पूर्ण भरली की आठवड्यातून दोनदा पोहायला न्या. शिवाय मेमरी फोमची गादी घ्या.

फुकटसल्ला | ११:०२
दादा, हे लातूर जिल्ह्यातलं दिसतंय. आम्हाला २०१६ ला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं होतं. कुत्र्याला पोहायला कुठं नेऊ, टँकरात?

पिठलंभाकर | ११:०६
विषयावर या हो. कोरडवाहू, दोन गोष्टी नीट सांगा. एक, हरण्या नेमका कुठं पडतो? दोन, दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का?

कोरडवाहू | सोमवार, सकाळी ६:१५
गोळ्या पाच दिवसांच्या दिल्या होत्या, संपल्या. तो शेपूट हलवायला लागला होता, भाकरी खायला लागला होता, म्हणून परत गेलो नाही. डॉक्टरकडं जायला यायला ६० किलोमीटर पडतं. काल रात्री भावानं मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणली, अर्धी द्यावी का? पडतो तो घरातच. आधी आखाड्यावर असायचा, आता लक्ष ठेवायला घरी आणलाय. नवीन घर आहे, फरशी चांगली आहे.

पुणेरी_पंजा | ६:४०
आखाड्यावर? कुस्ती खेळतो का कुत्रा?

गोदाकाठ | ६:४४
आमच्याकडे शेतातल्या कोठ्याला आखाडा म्हणतात हो. गुरं, अवजारं, गडीमाणसं तिथंच.

सेवानिवृत्त५८ | ६:५०
कोरडवाहू, ती गोळी देऊ नका! आधी हे वाचा, मग शेतात जा. माणसाची आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात अल्सर पाडते, किडनी घालवते. अर्धी काय, पाव पण नको. (डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला २००६ पासून बंदीच आहे. ती गिधाडांपायी आली. इंजेक्शन दिलेलं ढोर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडं मरायची. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या ढोरावर पंचवीस-तीस बसायची. नातवाला आता चित्रात दाखवावी लागतात.)

आता हिशोब बघा. गोळ्या पाच दिवस. आज नववा. तुम्ही काल लिहिलं तीन दिवस झाले रडतोय. म्हणजे ज्या दिवशी गोळ्या संपल्या त्या दिवसापासून रडणं चालू. कुत्रं हट्टी नाही, त्याला दुखतंय. खांद्यापासून पाय काढणं म्हणजे मोठं काम, मांस आणि नसा कापलेल्या असतात. पाय तुटलेल्या माणसाला नसलेल्या बोटात कळ येते, ऐकलं असेल. जनावर बोलून दाखवत नाही, पण नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिनसारखं औषध डॉक्टर देतात. डोस वजनावर असतो, तो त्यांनाच ठरवू द्या. ६० किलोमीटर जायला नको, आधी फोन करा.

पिठलंभाकर | ७:०३
आणि 'फरशी चांगली आहे' म्हणजे चकचकीत टाइल्स ना?

कोरडवाहू | ७:०५
हो. दोन बाय दोनच्या. का?

पिठलंभाकर | ७:२०
तुम्ही पुसलेल्या ओल्या फरशीवर पायमोजे घालून एका पायावर उडी मारून बघा, मग कळेल का ते.

आमच्या मोत्याचा डावा पुढचा काढला होता, अंबाजोगाईला असताना. सात वर्षं तीन पायांवर जगला, म्हातारा होऊन गेला. पहिला आठवडा आम्हीपण असेच रडलो. मग आईच्या लक्षात आलं, अंगणात मातीत तो पडत नाही, उंबऱ्याच्या आत आला की पाय फाकतो. आम्ही पोत्याचं बारदान शिवून शिवून त्याच्या जागेपासून दारापर्यंत पट्टा टाकला. घरात उजव्या हाताला चाललेली पाऊलवाटच. कडा चिकटपट्टीनं फरशीला धरल्या, नाहीतर बारदानासकट घसरतं. जुनी सतरंजी, पायपुसणी, पोरांची योगाची चटई, काही पण चालतं, फक्त तळाला सरकणारं नको. नखं कापा आणि पंजाच्या गाद्यांमधले केस कापा. मोत्या त्या पट्ट्यावरून कधी खाली उतरला नाही. पाहुणे त्यावर उभे राहिले तर त्यांच्याकडं बघत थांबायचा.

गोदाकाठ | ७:३१
मी पण तेच म्हणत होते, बांधू नका, मोकळं ठेवा.

पिठलंभाकर | ७:३४
नाही ताई, तुम्ही तसं म्हणला नव्हता. टाके निघेपर्यंत मोकळं नाहीच. १० ते १४ दिवसांनी टाके निघतात, त्याच्या आत उडी मारली तर जखम उसवते किंवा आत पाणी साचून फुगवटा येतो. पण गळ्यात साखळी घालून खुंट्याला बांधायचं नाही. पुढचा एकच पाय आहे, साखळीला हिसका बसला की तोंडावरच येणार. कोरडवाहू, साखळीनंच बांधलंय ना?

कोरडवाहू | दुपारी १:४०
साखळीच. लिहायचं राहिलं, मला वाटलं कुत्रं बांधायचं म्हणजे साखळीच असते. डॉक्टरला फोन केला. ते माझ्यावरच चिडले, गोळ्या संपल्या तर कळवायला काय झालं होतं म्हणले. आमच्या गावाकडं येणाऱ्या एसटीत औषध ठेवून दिलंय, चारला येईल. जखमेला हळद-खोबरेल लावू का? आई म्हणते लाव.

सेवानिवृत्त५८ | २:०५
टाक्यांवर काही लावायचं नाही. डॉक्टरनं दिलं असेल तेवढंच. तेल लावलं की चाटणार, चाटलं की टाके सुटणार. गळ्यात भोंग्यासारखा कोन घातलाय का? नसेल तर तळ कापलेली प्लास्टिकची बादली पण चालते. गोठ्याजवळ ठेवू नका, माशी बसली तर किडे पडायला वेळ लागत नाही. पू, घाण वास, किंवा एक दिवसाच्या वर खाणं बंद, यातलं काही दिसलं तर ६० किलोमीटर बघायचं नाही. त्या डॉक्टरांवर भागत नसेल तर उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं दवाखाना आहे.

मेकॅनिक_मामा | २:२०
साखळीच्या जागी बाजेची जुनी नवार घ्या. एक पट्टा छातीला, एक बरगड्यांच्या मागं, दोन्ही पाठीवर जोडायचे आणि वर एक मूठ. ज्या बाजूला खांदा नाही तिकडून पट्टा घसरतो, म्हणून मधे तिसरा आडवा टाका. उठवताना मुठीला धरायचं. यात तरी सरकारला अडचण नाही ना?

सेवानिवृत्त५८ | २:२६
नाही. हे बरोबर सांगितलं मामांनी. फक्त टाक्यांवरून पट्टा जाऊ देऊ नका.

तूरडाळ | ३:१५
कारवानी आहे म्हणलात. कुठल्या भागातला? आमच्याकडं पश्मी होती, केसाळ. कर्नाटकवाले कारवानीलाच मुधोळ म्हणतात आणि सगळं नाव ते घेऊन जातात. २००५ मध्ये पोस्टानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यातपण मुधोळ. आपला कारवानी कुठंय? एकच कुत्रं आहे ते.

फुकटसल्ला | ३:२२
एक नाहीये. कारवानी वेगळा.

तूरडाळ | ३:२४
काय वेगळं आहे सांगा की.

पिठलंभाकर | ३:३०
नवीन धागा काढा दोघंही. पण जातीचा एक मुद्दा कामाचा आहे. ही शिकारी कुत्री वासापेक्षा डोळ्यानं धावतात. हललेलं दिसलं की सुटलं. हरण्याला कुठं ठेवलंय? रस्ता दिसतो का?

कोरडवाहू | रात्री ८:५०
पडवीत. समोरूनच उसाच्या ट्रॉल्या जातात.

पिठलंभाकर | ८:५५
वा. मग तो उठणार नाही तर काय करणार? पडवीला साडी किंवा ताडपत्री बांधा, रस्ता झाकला पाहिजे. आणि त्याला काम द्या. आठ दिवसांपूर्वी दिवसाकाठी दहा-पंधरा किलोमीटर पळणारं जनावर, रिकामं बसवलं तर वेडं होईल. भाकरीचे लहान तुकडे घडी घातलेल्या बारदानात लपवा, हुंगून काढू द्या. कांद्याचं कालवण लागलेली भाकरी नको, कांदा कुत्र्याला बाधतो. भांडं विटेवर ठेवा म्हणजे मान खाली घालून एका पायावर तोल सांभाळायला नको. दिवसातून चार-पाच वेळा पाच-पाच मिनिटं मातीवर, मुठीला धरून, बस्स. आणि कुणीतरी लाडानं तूप घालत असेल तर थांबवा.

कोरडवाहू | ९:०४
आई घालते. तुम्हाला कसं कळलं?

पिठलंभाकर | ९:०६
मलापण आई होती. एक किलो वाढलं तर ते त्या एका मनगटावर येतं. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. पुढं बरा झाला तरी ओट्यावरून, जीपमधून उडी मारू देऊ नका, उतरताना सगळा मार त्याच पायाला. फळीवर बारदान ठोकून उतरण करा.

रोखठोक | १०:१२
राग येऊ देऊ नका, पण शिकारी कुत्रं तीन पायांवर ठेवण्यात काय अर्थ आहे? त्याच वेळी इंजेक्शन देऊन मोकळं करायचं होतं. तुम्ही स्वतःसाठी जगवताय त्याला.

गोदाकाठ | १०:१५
कुणी विचारलं होतं हे?

कोरडवाहू | १०:२१
गावातपण हेच ऐकायलोय. ट्रॉलीखालून काढला तेव्हा माझा हात चाटत होता तो. जाऊ द्या.

वाटसरू | मंगळवार, सकाळी ७:००
रेबीजची लस दिली आहे का? दरवर्षी द्यावी लागते.

कोरडवाहू | शनिवार, संध्याकाळी ६:३०
उशिरा लिहितोय, तूर काढणी चालू आहे. औषध आलं त्याच रात्री आठ तास झोपला. एवढा शांत की मीच दोनदा उठून श्वास बघितला. काल टाके काढले. डॉक्टर म्हणले जखम चांगली आहे, अजून दोन आठवडे पळवू नका. आईनं पोत्यांचा पट्टा केलाय पडवीपासून चुलीपर्यंत. चुलीपर्यंत कशाला म्हणलं तर काही बोलली नाही. नवारीचा पट्टा मामांनी सांगितल्यासारखा केला, चौथ्या वेळी जमला.

आज सकाळी आखाड्यावर नेला. मातीत पडला नाही. चालताना डोकं खाली-वर करतो आणि मागचे दोन्ही पाय पोटाखाली घेतो, बैलगाडी चढाला लागल्यासारखा. बांधावरच्या बाभळीपाशी थांबला. एवढे दिवस बसून लघवी करायचा. आज रिकाम्या खांद्याच्या अंगानं खोडाला टेकला, जरा वेळ तोल बघितला, आणि मागचा पाय वर केला.

पिठलंभाकर | ६:४१
मोत्या लाइटच्या खांबाला टेकायचा.

मेकॅनिक_मामा | ६:४८
गाडीचं चित्र तरीपण पाठवू का?

तूरडाळ | ७:१०
पिल्लं झाली तर एक नर राखून ठेवा. आणि यंदा तुरीला काय भाव धरलाय तुमच्याकडं?