विषय: ९५ डॉलरची फी आली, कार्ड ठेवू की सोडू?

मंडळी, नमस्कार.

मागच्या गणपतीत पंगतीला शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी अमेरिकन एक्स्प्रेसच्या 'ब्लू कॅश प्रिफर्ड' या क्रेडिट कार्डाचं इतकं कौतुक केलं की मी गाडीत बसल्याबसल्या अर्ज भरून टाकला. पहिलं वर्ष फुकट होतं. परवा स्टेटमेंटवर ९५ डॉलर दिसले आणि ही म्हणाली, "वर्षभर सहा टक्के सहा टक्के करत होतास, मिळाले किती ते सांग." मला सांगता येईना. सुपरमार्केटच्या खर्चावर ६ टक्के परत (कॅशबॅक), वर्षाला ६,००० डॉलरच्या खर्चापर्यंत, पुढे १ टक्का, एवढं पाठ आहे. आमचा किराणा आठवड्याला दीडशेच्या आसपास. काय करू?

– मु. पो. पिस्कॅटवे

---

पिस्कॅटवेकर,

सगळे हा हिशोब शून्याशी करतात, तिथेच फसतात. ६,००० वर ३६० मिळाले, फी गेली, उरले २६५. छान वाटतं. पण त्यांचंच बिनफीचं 'ब्लू कॅश एव्हरीडे' तेवढ्याच खर्चावर ३ टक्क्यांनी १८० देतं. म्हणजे हा सगळा उपद्व्याप फार तर ८५ डॉलरसाठी, तोही सहा हजार पुरेपूर वापरले तर. ३,१६७ डॉलरला दोन्ही कार्डं बरोबरीत येतात, आठवड्याला ६१ धरा. दीडशे म्हणजे तुम्ही पार झालात. फक्त ते दीडशे जातात कुठे, हे एकदा बघा.

– मु. पो. प्लेन्सबरो

---

अगदी! आमचे निम्मे पैसे कॉस्टकोत जातात, आणि तिथे २०१६ पासून क्रेडिट कार्ड म्हणाल तर फक्त व्हिसा, अमेरिकन एक्स्प्रेस चालतच नाही. वॉलमार्ट-टार्गेट सुपरमार्केटमध्ये धरत नाहीत. राहता राहिलं ओक ट्री रोडवरचं आपलं दुकान. पाटीवर काय लिहिलंय त्याला किंमत नाही, कार्डवाल्यांकडे दुकानाची नोंद कशी आहे त्यावर टक्के ठरतात. मी एकदा नुसती कोथिंबिरीची जुडी आणि पौंडभर भेंडी घेतली आणि चार दिवस ॲप उघडून बघत बसले. पडले की सहा टक्के! मग शनिवारी दणकून खरेदी केली. तांदळाचं पोतं, दोन पेट्या आंबे, फ्रोझन पराठे, सगळं गल्ल्यावर मांडलं आणि तेव्हा दिसली मशीनला चिकटवलेली चिठ्ठी: कार्डाला ३ टक्के जादा. मागे रांग, पुढे आंबे. भरले.

सहातले तीन तिथेच गेले. बिनफीचं कार्ड असतं तर हातात भोपळा. आता त्या दुकानात मी रोख देते. कोथिंबीर मात्र त्यांच्याकडचीच चांगली असते.

– मु. पो. एडिसन

---

तुम्ही पोरं टक्के मोजताय, माझं ऐका. दुसऱ्या एका बँकेच्या कार्डाला ऑटो-पे लावून मी दोन महिने पुण्याला गेलो. लावताना पूर्ण रकमेऐवजी 'मिनिमम'वर टिक केली होती. ३,४०० चं बिल, त्यातले चाळीसेक डॉलर भरले गेले. व्याज २४ टक्के, म्हणजे महिन्याला ६८ च्या घरात. वर एकदा बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, दूध घेतलं त्याच दिवसापासून मीटर चालू. वर्षभराचा कॅशबॅक दोन महिन्यांत धुऊन गेला. सौ. अजून ऐकवते.

आणि हो, प्रिफर्ड घेऊन लक्ष्मी रोडला जाऊ नका. परदेशी व्यवहाराला २.७ टक्के कापतात आणि देतात १. हजार डॉलरच्या पैठण्या घेतल्या तर १७ डॉलर तुमचेच गेले.

– काका, मु. पो. ईस्ट ब्रन्सविक

---

खजिनदार या नात्याने मध्येच एक. यंदाच्या केटरिंगचं बिल "माझ्या कार्डावर टाका, मंडळाने मला चेक द्यावा" असे तीन निरोप आलेत. प्रेमाबद्दल आभार. पॉइंट मंडळाचे की कार्डवाल्याचे, हा वाद मला दिवाळीपर्यंत चालवायचा नाही. मंडळाचं डेबिट कार्ड आहे, तेच चालेल. (प्रिफर्डवर केटरिंगला १ टक्काच मिळतो, तेव्हा फार हळहळू नका.)

---

सगळ्यांचे आभार. रविवारी बसून वर्षाचे व्यवहार उतरवले. मी दीडशे म्हणत होतो त्यातले बहुतेक कॉस्टकोचे, म्हणजे दुसऱ्याच कार्डावर. सुपरमार्केट म्हणून पडलेले सगळे मिळून १,९४०. त्याचे मिळाले ११६ डॉलर ४० सेंट. यंदा फी भरली असती तर उरले असते एकवीस. बिनफीच्या कार्डावर ५८ मिळतील.

फोन करून एव्हरीडे करून घेतलं. नवीन कार्ड म्हणून अर्ज केला असता तर सुरुवातीचा बोनस मिळाला असता का, हे मी विचारलंच नाही. हिनं मात्र लगेच विचारलं.

पंगतीतले ते गृहस्थ यंदाही येणार असतील तर मला पुन्हा त्यांच्याच शेजारी बसवा.

– पिस्कॅटवे