ब्रेकनंतर निम्म्या पगारावर रुजू व्हावं का?

ताळेबंद: मी २०१५ मध्ये नोकरी सोडली, मुलगी लहान होती म्हणून. तेव्हा अकाउंट्समध्ये सीनियर होते. आता अंधेरीच्या एका ऑफिसने बोलावलंय. सहा महिने ट्रेनी, पगार तेव्हाच्या निम्मा, पुढचं ‘बघू’. माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नये. घरी बसले म्हणून बेरीज-वजाबाकी विसरले नाही.

मुलुंडकर: ताई, राग मानू नका. तुम्ही सोडलंत तेव्हा व्हॅट, एक्साइज, सर्व्हिस टॅक्स होते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि सगळा खेळच बदलला. आता दर महिन्याला २बी, म्हणजे खरेदीवरच्या कराच्या क्रेडिटचं पोर्टलवरचं स्टेटमेंट, जुळवा, ३बी हे रिटर्न भरा, पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, काढा. एका व्हेंडरने बिल अपलोड केलं नाही की आपलं क्रेडिट अडकलं. हे शिकेपर्यंत पूर्ण पगार कोण देणार? टाटांनी २००८ मध्ये ब्रेक घेतलेल्या बायकांसाठी इंटर्नशिप काढली, तीही ठरावीक मुदतीच्या प्रोजेक्टची होती. पाय आत जाणं महत्त्वाचं.

खारीबटर: मुलुंडकर, जीएसटी दोन महिन्यांत येतो हो. मार्चएंडला ऑडिटर समोर बसलेला असताना बँकेची एंट्री का जुळत नाही हे पाचव्या मिनिटाला सांगणं, ते कुठल्या क्लासमध्ये शिकवतात? कंपनीला तेच हवंय, फक्त ट्रेनीच्या भावात. शिवाय पुढच्या इंटरव्ह्यूला एचआर शेवटची पेस्लिप मागणार. हा निम्मा आकडा मग कायमचा मानगुटीवर.

दादरचा दादा: पुरुषांचंही ऐका. वडिलांच्या डायलिसिससाठी मी नोकरी सोडली होती. परत गेलो तर पहिला प्रश्न, ‘घरात दुसरं कोणी नव्हतं का?’ म्हणजे बायको. पगाराचं पुढे काय झालं ते सांगत नाही.

मुलुंडकर: अन्याय आहे, मान्य. पण घरी बसून तो कमी होतो का? अजून दोन वर्षांनी गॅप आणखी वाढलेली असेल.

ताळेबंद: हिशेबच मांडते. घाटकोपरला उतरून मेट्रो, येताना तेच. स्वयंपाकाच्या मावशी, शाळेनंतर मुलीला बघायला कोणीतरी. मातृत्व कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवडे बाळंतपणाची रजा आली, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर आलं, पण ते सगळं अगदी लहान मुलांसाठी. दहा वर्षांच्या मुलीची शाळा साडेबाराला सुटते, तिचं काय? निम्म्या पगारात हे सगळं वजा केलं तर उरतं ते रिक्षाला.

खारीबटर: ‘बघू’ हा शब्द लेखी घ्या. सहा महिन्यांनी कुठली ग्रेड, किती पगार, ऑफर लेटरमध्ये.

मुलुंडकर: लेखी मागितलं की ऑफर गायब होते. बहिणीची झाली.

खारीबटर: म्हणजे ग्रेड द्यायचीच नव्हती ना त्यांना?

ताळेबंद: सोमवारी मेल टाकते. ट्रेनी चालेल, पण तीन महिने, आणि आकडा लेखी. मुलुंडकर, ते २बीचं जरा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून समजावाल का?