कॉन्वी किल्ला (उत्तर वेल्स): एका दिवसात काय आणि कसं बघावं?

मँचेस्टरकर
ऑगस्टमध्ये आई-बाबा येत आहेत. बाबांना किल्ल्यांचं वेड, पण आईचे गुडघे दुखतात. मुलं ६ आणि ९ वर्षांची. ट्रेनने सकाळी निघून रात्री परत यायचं आहे. कॉन्वी आणि कार्नार्व्हन हे दोन्ही किल्ले एका दिवसात होतील का? आणि कॉन्वीत नेमकं काय बघायचं? नुसते पडके बुरूज बघून परतायचं नाहीये.

चेस्टरचा_गडप्रेमी
दोन्ही एका दिवशी करू नका. कार्नार्व्हनला मुख्य मार्गाची रेल्वे जात नाही. बँगोरला उतरून बस धरावी लागते आणि वाट बघण्यातच दुपार जाते. कॉन्वीला पूर्ण दिवस द्या.

मँचेस्टरहून लँडुडनोची थेट गाडी घेऊन लँडुडनो जंक्शनला उतरा. तिथून पूल ओलांडून चालत साधारण २० मिनिटं, आणि समोर सतत किल्ला दिसत राहतो. आईंसाठी टॅक्सी करा किंवा कॉन्वीला थांबणारी गाडी बघा. कॉन्वी स्टेशन शहराच्या तटबंदीच्या आतच आहे, पण तिथे गाडी मागितल्याशिवाय थांबत नाही. चढल्या चढल्या गार्डला सांगायचं, परतताना फलाटावरून ड्रायव्हरला हात दाखवायचा. फलाट आखूड आहे, सगळ्या डब्यांची दारं उघडत नाहीत. कुठल्या डब्यात बसायचं तेही गार्डलाच विचारा, नाहीतर सामानासकट पुढच्या स्टेशनला.

ऑगस्टमध्ये अकराच्या पुढे बुरुजांच्या जिन्यांत कोंडी होते, म्हणून दार उघडतानाच आत शिरा. किल्ल्याला दोन-अडीच तास पुरतात.

तटावरून
काय बघायचं ते सांगतो. इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकल्यावर १२८३ ते १२८७ या काळात जेम्स ऑफ सेंट जॉर्ज या सव्हॉयच्या (आल्प्समधला प्रदेश) वास्तुविशारदाकडून हा किल्ला बांधून घेतला. आठ बुरूज, आत दोन चौक: बाहेरचा शिबंदीचा, आतला राजाच्या निवासाचा, म्हणजे बालेकिल्लाच समजा.

पश्चिमेच्या दरवाजात शिरण्याआधी मान वर करा. माथ्यावर भिंतीबाहेर काढलेले दगडी कंस आहेत आणि त्यांच्यामधल्या फटींतून खालच्या शत्रूवर दगड टाकायची सोय आहे. ब्रिटनमध्ये टिकलेल्या अशा दगडी बांधकामांत हे सर्वांत जुन्यांपैकी एक. बरेच लोक फोनमध्ये तिकीट शोधत याच्या खालून निघून जातात, याचं फार वाईट वाटतं.

बाहेरच्या चौकात डावी-उजवीकडे घाई न करता दिवाणखान्याची लांब, किंचित वाकलेली भिंत बघा. खडकाच्या आकाराबरोबर इमारतही वळवली आहे. छत पेलणाऱ्या दगडी कमानींपैकी एकच पूर्ण उभी आहे. पुढे, दोन चौकांच्या मध्ये, खडकात खोदलेली सुमारे २८ मीटर खोल विहीर. मग आतल्या चौकातल्या चॅपल टॉवरमधलं राजाचं छोटं देवघर. बहुतेक बुरुजांत मजले उरलेले नाहीत, पण भिंतीत तुळयांची भोकं आणि अधांतरी राहिलेल्या शेकोट्या दिसतात. त्यावरून मजले मोजायला मुलांना सांगा, छान रमतात. बाहेरच्या भिंतींवर कुठे कुठे पांढऱ्या चुन्याचे अवशेष आहेत. किल्ला एके काळी पांढरा होता, तो काळपट दगड नंतरचा देखावा.

गुडघे_सांभाळून
आईंसाठी: तिकीटघरापासून दरवाजापर्यंत चढ आहे, तो सावकाश चढला की दोन्ही चौक बुरूज न चढता बघता येतात. बुरुजांचे जिने मात्र टाळा. गोल, अरुंद, अंधारे, पायऱ्या एका बाजूला निमुळत्या. बाकीच्यांनीही भिंतीकडच्या रुंद बाजूने पाय टाकावा. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या, वरून कोणी येत असेल तर खालीच थांबा. जिन्याच्या मध्यात ओलांडता येत नाही. ओल्या दगडावर गुळगुळीत तळव्याची चप्पल हमखास घसरते. छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोटच आणा. वारा फार असेल तर वरचे भाग बंदही ठेवतात.

कार्नार्व्हन दुसऱ्या दिवसासाठी ठेवलंत तर आईंना तेच जास्त सोयीचं. तिथे किंग्ज गेट या दरवाजात २०२३ पासून लिफ्ट आहे, वरच्या गच्चीपर्यंत जाता येतं.

मँचेस्टरकर
खूप आभार. एक शंका. जिने उजवीकडे वळतात ते वर चढणाऱ्या शत्रूला तलवार चालवता येऊ नये म्हणून, असं ऐकलंय. बाबांना तसंच सांगू?

तटावरून
नको. त्याला त्या काळचा काही आधार नाही. उलट्या वळणाचे जिनेही अनेक किल्ल्यांत आहेत. शिवाय शत्रू जिन्यापर्यंत पोचला म्हणजे किल्ला जवळजवळ गेलाच. बाबांना खरी गंमत दाखवायची तर शहराच्या तटावर न्या: लांबी सुमारे १.३ किलोमीटर, २१ बुरूज, तीन दरवाजे, फांजीवरून (तटावरच्या वाटेवरून) चालणं फुकट. मिल गेटजवळ तटाबाहेर काढलेले बारा शौचकूप एका ओळीत आहेत, राजाच्या तिथे काम करणाऱ्या नोकरमंडळींसाठी बांधलेले. काही ठिकाणी पायऱ्या उंच आहेत, धाकट्याचा हात धरा.

चेस्टरचा_गडप्रेमी
तिकिटाचं राहिलं. किल्ला कॅडू (Cadw) ही वेल्सची संस्था बघते. पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही, तुमच्या दोन्ही मुलांना लागेल. फॅमिली तिकिटात दोन मोठे आणि तीन मुलं बसतात, आजी-आजोबांचं वेगळं काढा, ६५ पूर्ण असतील तर सवलतीचं. इंग्लिश हेरिटेजचे (इंग्लंडमधली अशीच संस्था) सभासद असाल तर पहिल्या वर्षी अर्धं तिकीट, नूतनीकरणानंतर फुकट. कार्ड बरोबर ठेवा. आणि बंदराच्या धक्क्यावर डबा उघडणार असाल तर सीगलकडे लक्ष असू द्या, हातातला घास उचलून नेतात.