मासेराती ३५०० जीटीआय बघायला जातोय, इंजेक्शन काढून वेबर बसवलेत, घ्यावी का? (सल्ला हवाय)

जावई_श्टुटगार्ट
मंडळी, प्रश्न महागडा आहे पण पैसे माझे नाहीत म्हणून बिनधास्त विचारतोय. आमचे सासरे जर्मन, नुकतेच रिटायर झालेत, आणि त्यांच्या डोक्यात पोरवयापासून एकच गाडी बसलीय, मासेराती ३५०० जीटी. आता मोडेनाजवळ एक सापडलीय. १९६२ ची जीटीआय, लाल रंग, विकणारा म्हणतो फुल रिस्टोर केलीय, नंबर मॅचिंग आहेत (म्हणजे चासी आणि इंजिन मूळचेच), फक्त मूळचं लुकास इंजेक्शन काढून तीन वेबर कार्ब्युरेटर लावलेत. सासरे म्हणतात मग ती जीटीआय कसली (आय म्हणजे इंजेक्शन), बायको म्हणते बाबांना आणखी चढवू नकोस, आणि दोघंही माझ्या तोंडाकडे बघतायत कारण मी 'गाड्यांच्या कंपनीत' आहे (मी तिथे सॉफ्टवेअर लिहितो हो). शनिवारी बघायला जायचंय. काय काय तपासू?

वेबरभक्त
कार्ब्युरेटरवरून गाडी सोडू नका. १९५७ ला जिनिव्हात हे मॉडेल आलं तेव्हा ते वेबरवरच होतं, २२० हॉर्सपॉवर. इंजेक्शन १९६१ ला आलं, कागदावर २३५, आणि इटलीतली पहिली इंजेक्शनवाली प्रॉडक्शन गाडी म्हणून तिचं कौतुक झालं, पण तेव्हाच्या मेकॅनिकला ते ट्यून करता येईना म्हणून लोकांनी काढून सरळ वेबरचे ४२ डीसीओई कार्ब्युरेटर टाकले. म्हणजे त्याच घराण्याचं सामान आहे, बाहेरून कुठून आणलेलं नाही. जर्मनीत एच नंबरप्लेटला (जुन्या ऐतिहासिक गाड्यांची खास प्लेट) त्या काळातला बदल सहसा चालतो, तरी तिथल्या तपासणीवाल्याला आधी विचारून ठेवा. मला फक्त एक सांगा, काढलेलं इंजेक्शन आहे कुठे? भंगारात गेलं असेल तर किंमत पाडून मागा.

फियाट११००_सदाशिवपेठ
जावईबापू, आमची झेप कुर्ल्याच्या फियाटपर्यंतच त्यामुळे मासेराती फोटोतच बघितलीय, पण जुनी गाडी ती जुनीच. खिशात लोहचुंबक ठेवा आणि सगळीकडे फिरवा, जिथे चिकटणार नाही तिथे पुट्टी भरलीय समजा. आमच्या पेठेतल्या एका गॅरेजवाल्याने माझ्या मडगार्डात एवढी पुट्टी भरली होती की त्यात गणपती बसला असता.

पत्रा_आणि_हातोडी
काका, चुंबकाचं इथे उलटं आहे 😄 ३५०० जीटीच्या कूपेची (बंद छताची) बॉडी मिलानच्या टूरिंग या बॉडी बनवणाऱ्या कंपनीची, सुपरलेजेरा पद्धतीची, म्हणजे पोलादाच्या बारीक नळ्यांचा सांगाडा आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. चुंबक कुठेच चिकटायला नको, चिकटला तर तिथे कुणीतरी लोखंडी ठिगळ लावलंय. (विन्याले कंपनीने बॉडी केलेली उघड्या छताची स्पायडर वेगळी, तिची बॉडी स्टीलची.) पुट्टी शोधायची तर ॲल्युमिनियमवर चालणारं पेंटची जाडी मोजायचं मशीन न्या, साधं फक्त लोखंडावर चालतं.

आणि खरी भानगड पत्र्याच्या खाली असते. पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे टेकतात तिथे पाणी शिरलं की ॲल्युमिनियम कुजतं, आधी पेंटला फोड येतात मग पांढरी पूड दिसते, आणि आतल्या नळ्या गंजत राहतात ते वेगळंच. दाराच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, डिकीचा तळ, टॉर्च घेऊन खाली झोपा, कपड्यांची काळजी करू नका. मी इंग्लंडमध्ये रिस्टोरेशनच्या शॉपमध्ये पाच वर्षं काढलीयत, नवीन चकचकीत पेंटवाली 'फुल रिस्टोर' गाडी आली की आम्हाला जास्त भीती वाटायची. घासलेली, मळलेली, सीटचं लेदर तडकलेलं पण कुणी हात न लावलेली गाडी असेल तर ती आधी बघा. लेदर परत शिवता येतं, गेलेला सांगाडा परत आणायचा म्हणजे अख्खी बॉडी उकलावी लागते.

नंबरचं म्हणाल तर या मॉडेलला चासी नंबर आणि इंजिन नंबर एकच असतो, सुरुवात एएम १०१ ने. प्लेटवर विश्वास नको, प्लेट बाजारात बनवून मिळते. चासीवर आणि ब्लॉकवर ठोकलेले आकडे बघा, आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा आहेत का, आकडे एका ओळीत आहेत का. टूरिंगचा बॉडी नंबर वेगळा असतो, तोही विचारा. लाल रंगावर तर माझा अजिबात विश्वास नाही, नंतर लाल झालेल्या इटालियन गाड्या ढिगाने आहेत. मूळ रंग कार्पेटखाली, डॅशबोर्डच्या मागे सापडतो.

बाकी गिअरबॉक्स झेडएफचा, मागचा ॲक्सल सॅलिसबरीचा, ब्रेक गर्लिंगचे असं दिसलं तर दचकू नका. मासेरातीचा इंजिनीअर आल्फिएरी याने इंजिन घरचं ठेवून बरंच बाकी बाहेरून घेतलं. सिलिंडर सहा पण प्लग बारा, तेव्हा बारा वायरी मोजा आणि कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर दाब नीट धरतात का ते) मागा, नाही म्हणाला तर कॉफी पिऊन परत या.

तोरिनोकर
इटलीत नोंद असेल तर पीआरए म्हणजे तिथल्या सरकारी वाहन नोंदवहीतून जुन्या मालकांचा पूर्ण उतारा मिळतो, आपल्या सातबाऱ्यासारखा 😀 तो आधी काढा. जुन्या काळ्या नंबरप्लेट अजून असतील तर बदलू देऊ नका.

जावई_श्टुटगार्ट
जाऊन आलो. नंबर एकच निघाले, आकडेही जुनेच वाटले. मशीनने सांगितलं की डाव्या मागच्या मडगार्डात बरीच पुट्टी आहे. डिकीच्या कार्पेटखाली राखाडी रंग, पत्रा आणि हातोडी, तुम्ही जिंकलात. आणि निघताना विकणाऱ्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी कोपऱ्यातली लाकडी पेटी उघडली, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं अख्खं इंजेक्शन! म्हणजे जवळजवळ अख्खं, इंजेक्टर पाचच आहेत. पोरगा पेटीचे वेगळे पैसे मागतोय.

वेबरभक्त
पेटीसकट एकच किंमत बोला, पेटी नसेल तर सौदा नाही म्हणा. इंजेक्शनचं मीटरिंग युनिट (पेट्रोल मापून सोडणारा भाग) इंग्लंडमध्ये ओव्हरहॉल होतं, ट्रायम्फ टीआर ६ ला लुकासचीच सिस्टिम होती म्हणून कारागीर अजून टिकून आहेत. रबर मात्र सगळं नवीन टाका, इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनं रबर विरघळतं. आणि लगेच बसवायची घाई नको, दोन उन्हाळे वेबरवर फिरा.

फियाट११००_सदाशिवपेठ
बायको काय म्हणाली ते सांगितलं नाहीत.

जावई_श्टुटगार्ट
काका, ती परतीच्या प्रवासात इटली-ऑस्ट्रिया सीमेवरच्या ब्रेनर घाटापर्यंत बोलली नाही. सासरे मागच्या सीटवर बसून पुट्टीचा खर्च वजा करून किती ऑफर द्यायची त्याचा हिशोब करत होते. सहाव्या इंजेक्टरसाठी वेगळा धागा काढतो.