फ्रेंच सोडली की सोडायला लावली?
अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या क्रिओलांनी (वसाहतकाळापासून तिथे राहणाऱ्या, अनेकदा मिश्रवंशीय असलेल्या फ्रेंचभाषक कुटुंबांच्या वंशजांनी) फ्रेंच आपणहून सोडली, हे आपले मत मला अपुरे वाटते. लुइझियानाच्या १९२१च्या राज्यघटनेने सरकारी शाळांचे कामकाज इंग्रजीत बांधले आणि ‘मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही’ ही ओळ शिक्षा म्हणून पानभर गिरवलेली मुले पुढे आईबाप झाल्यावर आपल्या लेकरांशी इंग्रजीतच बोलू लागली. याला स्वखुशी म्हणणे जिवावर येते. एकेकाळी तर याच समाजाचे ‘ला त्रिब्यून’ हे वृत्तपत्र १८६४पासून न्यू ऑर्लीन्समध्ये फ्रेंच व इंग्रजीत निघत असे. १९६८नंतर राज्याने फ्रेंचच्या पुनरुज्जीवनाला हात घातला खरा, पण बोलबाला झाला तो केजनांचा (कॅनडातून येऊन तिथे वसलेल्या फ्रेंचभाषकांच्या वंशजांचा), आणि कुरी-व्हिनी ही क्रिओल भाषा (मोडकी फ्रेंच नव्हे, तिला स्वतःचे व्याकरण आहे) मागेच राहिली. आज अनेक घरांत फ्रेंच उरली आहे ती आडनावांत आणि धर्मपित्याला ‘पारें’ म्हणण्यात.