'इसार', 'उचल' की 'अनामत'?

स्वतंत्रपणे ग्राफिक डिझाइनचे काम करणाऱ्याने काम हाती घेताना ग्राहकाकडून जी रक्कम घ्यायची, तिला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मला लातुरातल्या एका व्यवहारामुळे पडला. एका खासगी शिकवणी वर्गाच्या लोगोसाठी पाठवलेल्या कोटेशनमध्ये 'ॲडव्हान्स' हा शब्द टाळावा म्हणून मी 'अनामत रक्कम ५,००० रुपये' असे लिहिले होते. तीन नमुने पाठवून झाल्यावर संचालकांनी काम थांबवल्याचे कळवले आणि रक्कम परत मागितली. नमुन्यांवर गेलेल्या दिवसांचा हिशेब मी सांगू लागलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सर, अनामत तुम्हीच लिहिलंय की. अनामत तर परतच करायची असते ना?" शब्दाच्या अर्थाने त्यांचे बरोबर होते, म्हणून मी पैसे परत केले.

'अनामत' हे अरबी 'अमानत'चे मराठीत रुळलेले रूप आहे. वाचनालयात भरलेली किंवा घरमालकाकडे ठेवलेली अनामत आपलीच राहते, ती समोरच्याने फक्त सांभाळायची असते. 'आगाऊ रक्कम' एवढेच सांगते की पैसे आधी दिले. व्यवहार मोडला तर त्यांचे काय, याविषयी हा शब्द गप्प आहे.

'उचल' मात्र आपल्या भागात फार जड शब्द आहे. बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात आणि ती पुढे मजुरीतून फिटत जाते, म्हणजे ती कर्जासारखी अंगावर असते आणि बांधला जातो तो घेणाराच. डिझायनरने घेतलेली रक्कम कर्ज नसते, त्यामुळे हा शब्द येथे लावणे मला पटत नाही.

उरतो तो 'इसार', ज्याला इतरत्र 'विसार' असेही म्हणतात. माळेगावच्या यात्रेत बैलाचा सौदा ठरला की घेणारा इसार हातावर ठेवतो, आणि त्या क्षणापासून विकणाऱ्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायचे नसते. जमिनीच्या इसारपावतीतही हाच भाव आहे. इसार दोघांनाही बांधतो, शेवटी किमतीत वळता होतो आणि देणाऱ्यानेच माघार घेतली तर बुडतो. अर्थात नुसता शब्द लिहून भागत नाही. इसार जप्त करायचा असेल तर तशी अट करारात स्पष्ट असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मालमत्तेच्या एका व्यवहाराच्या निकालात म्हटले आहे.

इसार खरेदी-विक्रीचा असतो आणि डिझाइन ही सेवा आहे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु आमच्या कामात सर्वाधिक कष्ट पहिल्या नमुन्यापर्यंतच पडतात, आणि त्या दिवसांत आम्ही दुसरे काम नाकारलेले असते. हे नाकारणे म्हणजे बैल दुसऱ्याला न दाखवण्यासारखेच आहे. म्हणून मला हा अर्थविस्तार योग्य वाटतो. आता माझ्या कोटेशनमध्ये पुढील वाक्य असते : "इसार ५,००० रुपये, अंतिम बिलात वळता होईल, ग्राहकाने काम थांबवल्यास परत मिळणार नाही, आणि ठरल्या तारखेला मी नमुने न दिल्यास पूर्ण परत करीन."